दवाखान्याला आतलं दार बसवलं त्या वर्षी

डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात मी कामाला लागले तेव्हा माझा धाकटा पहिलीत होता. आता तो नागपूरला शिकतो. सालेकसा तालुक्यातलं आमचं गाव बाजाराचं. बुधवारी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात, दरेकशाकडून सकाळच्या गाडीनं येतात, आणि आलोच आहोत तर डॉक्टरला दाखवून जाऊ म्हणून त्यातली निम्मी आमच्याकडे वळतात. वजन करायचं, वहीत नाव लिहायचं, गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगायचं, आणि बायांची तपासणी असली की पडद्याआड सोबत उभं राहायचं, हे माझं काम.

दवाखाना पूर्वी धानाचं गोदाम होता. एकच लांब खोली, पुढे छपरी. मागच्या भिंतीला साहेबांचं टेबल, बाजूला तपासणीचा पलंग आणि त्याला हिरवा पडदा. टेबलासमोर दोन बाकं. पडद्यानं पलंग झाकला जायचा, बोलणं नाही. एकाची तपासणी चालली की दुसरा स्टुलाला खेटून उभा, तिसरा त्याच्या खांद्यावरून पाहतोय. "ह्याले मागच्या सालीबी असंच झालतं, साहेब," असं बाकावरचा कोणी मध्येच सांगायचा. माझी वही टेबलाच्या कोपऱ्यावर उघडीच असायची. कोणाला काय झालं ते वाचून माणसं घरी जायची. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

साहेब मूळचे गोंदिया शहरातले. तीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. हाताला गुण. स्वभाव शांत. पण ह्या गोष्टीच्या आधीच्या दोनेक वर्षांत त्यांचा आवाज वाढला होता. "कितने दिन से?" असं ते पूर्वी हळू विचारायचे, ते आता ओरडून विचारू लागले. पेशंटकडून एकच गोष्ट दोनदा-तीनदा वदवून घ्यायचे. मी म्हणायची, वय झालं, चिडचिड वाढली असेल.

आषाढातल्या एका बुधवारी माझ्याच गल्लीतली मावशी आली. नात्यातली नाही, सगळे तिला मावशीच म्हणतात. साठीच्या आसपासची. धानाच्या रोवणीत, म्हणजे रोपं लावताना, बायांची रांग चालते ना, त्या रांगेत गाणं पहिल्यांदा उचलणारी ती. त्या वर्षी ती रोवणीला गेली नाही, तेव्हाच मला काहीतरी शंका आली होती. दवाखान्यात आली तीच अंग चोरून. बाकावर तिच्या लेकीची सासू बसलेली, म्हणजे तिची विहीण. तिला पाहून मावशी परतच जायला निघाली होती. मीच म्हटलं, "बसा ना मावशी, नंबर लागलाच आहे तुमचा."

ती स्टुलावर बसली, पदर तोंडाशी धरला आणि साहेबांच्या दिशेनं वाकून काहीतरी पुटपुटली.

"क्या?" साहेब म्हणाले.

ती पुन्हा पुटपुटली. पदर आणखी घट्ट.

"जोरात बोला बाई. काय, लघवी? लघवी सुटते? कपड्यातच होते का? खोकलल्यावर होते, की बसल्या बसल्या?"

मग बाकावरून विहिणीचा आवाज आला. "अवं माय, इहीनबाईले असं होते? मले मालूमच नव्हतं."

कोणीतरी हसलं. मावशी उठली. चपला हातात घेऊन ती बाहेर निघाली, मी मागोमाग धावले. रस्त्यावर बाजाराच्या गर्दीत तिला गाठलं.

"मावशी, औषध तं घेऊन जा."

"औषध तूच खा. साऱ्या बाजारात माही इज्जत काढली त्यानं. मेली तरी आता तिथं पाय नाही ठेवनार." ती रडत नव्हती. तिचा चेहरा तापल्या तव्यासारखा लाल झाला होता.

पुढच्या आठवड्यात गोष्ट तिच्या लेकीच्या सासरी पोचली, विहिरीवर पोचली, रोवणीच्या रांगेत पोचली. मावशी सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या परसातून, बाहेर पडेना. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिनं आतूनच सांगितलं, "घरी नाही म्हना." माझ्या जेवणाची चव गेली. तिला बसा म्हणणारी मीच होते. विहिणीला पाहून ती परतत होती, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं.

त्याच दिवसांत मी साहेबांकडे नीट पाहायला लागले. पुरुष समोर बसून बोलले तर साहेबांना पटकन समजायचं. बाया पदराआडून बोलल्या की ओरडायचे. मी मागून हाक मारली तर वळायचे नाहीत, समोर गेले की लगेच उत्तर. एकदा मी मुद्दाम त्यांच्या पाठीशी उभी राहून म्हटलं, "साहेब, छपरीत साप निघाला." ते शांतपणे चिठ्ठी लिहीत राहिले.

मला हसू आलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी पेशंट संपले होते. साहेब डबा उघडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि चांगलं तोंड उघडून म्हटलं, "साहेब, तुम्हाले कमी ऐकू येते ना?"

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "कोणाला सांगितलं का तुम्ही?"

"नाही."

"घरी?"

"घरीबी नाही."

त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पॅडांमागून एक लहान डबी काढली. आत कानात लावायची मशीन होती, नवीकोरी. "दो साल हो गये. नागपूरला तपासलं. बायकोला माहीत आहे, बस. छाती तपासताना नळी कानात असते, तेव्हा भागते. बाकी मी ओठ पाहतो."

"मग लावत काऊन नाही?"

"बहिऱ्या डॉक्टरकडे कोण येते, बाई? रोडवर दोन नवीन दवाखाने उघडले."

एरवी मी त्यांच्यासमोर आवाज चढवणारी नाही. त्या दिवशी कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "साहेब, तुमची गोष्ट दोन वर्षं ड्रॉवरमध्ये राहिली. मावशीची दोन मिनिटंबी नाही राहिली."

त्यांना सगळं ऐकू आलं होतं, किंवा दिसलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मावशीचं पुढं काय झालं हे त्यांना माहीतच नव्हतं. मी ते सांगितलं. विहिणीचं सांगितलं, हसणाऱ्यांचं सांगितलं, रोवणीच्या रांगेचं सांगितलं.

"तुम्ही समजावा तिला," ते म्हणाले. "तुमचं ऐकेल."

"काय सांगू? तुम्हाले ऐकू येत नाही, हे सांगितल्याबिगर तिले पटनार नाही. अन ते मी कसं सांगू? ते तुमचं आहे."

रविवारी दुपारी साहेब स्कूटर घेऊन आमच्या गल्लीत आले. डॉक्टर आला म्हटल्यावर मावशीच्या अंगणात पंधरा माणसं जमली. एकीनं तर हातच पुढे केला, "साहेब, प्रेशर पाहून द्या." साहेब म्हणाले, "उद्या दवाखान्यात या." तरी कोणी हलेना. शेवटी मावशीच दारात आली. साहेबांकडे न पाहता ती लोकांवर तडकली, "जा ना वो! तुमच्या घरी काही कामं नाही का? इथं काय नाच आहे?"

माणसं पांगली. साहेब खाटेवर बसले. मावशी उंबरठ्यावर, पाठ अर्धी वळवून. मी लाकडांच्या ढिगापाशी उभी. साहेबांनी खिशातून डबी काढली आणि मशीन तिच्यासमोरच कानात बसवली.

"बाई, मला कमी ऐकू येते. त्या दिवशी तुम्ही पदर धरून बोलल्या. मला काही समजलं नाही, म्हणून मी ओरडलो. चूक माझी आहे. तुमची काहीच नाही."

मावशी वळली. त्यांच्या कानाकडे तिनं टक लावून पाहिलं. "हे लावलं का ऐकू येते?"

"येते."

तिनं पदर तोंडावर घेतला, मान दुसरीकडे केली आणि अगदी हळू काहीतरी पुटपुटली. मग पदर काढून म्हणाली, "काय म्हनली मी?"

"तुम्ही विचारलं, चहात साखर किती टाकू."

मावशी हसली. इतक्या दिवसांनी तिचं हसू पाहून मलाच रडू आलं. "दोन चमचे," साहेब म्हणाले.

चहा झाल्यावर मी निघायला लागले, कारण आता तिचं दुखणं निघणार हे मला कळलं होतं. साहेबांनी तिलाच विचारलं, "ह्यांनी थांबावं का?" मावशी म्हणाली, "राहू दे. हीच तं आली होती मांगंमांगं." मग तिनं सगळं सांगितलं. तिसऱ्या बाळंतपणानंतरचं. तीस वर्षांचं. अंग बाहेर येतं, लघवी धरून ठेवता येत नाही, म्हणून आता धानाच्या बांधीत, चिखलात वाकून उभं राहवत नाही. नवऱ्यालाही तिनं कधी सांगितलं नव्हतं. तो बिचारा तिला आळशी म्हणत राहिला.

साहेबांनी गोंदियाच्या एका लेडी डॉक्टरच्या नावे चिठ्ठी दिली. मी तिच्यासोबत गाडीनं गेले. तिथल्या नर्सनं विचारलं, "सोबतच्या बाईंना आत येऊ द्यायचं का?" मावशी जरा ताठ झाली आणि म्हणाली, "हाव. माह्या मर्जीनं." तिथं तिला अंग सावरून धरणारी, आतून बसवायची रिंग मिळाली, रोज करायचे व्यायाम मिळाले, आणि जड ओझं उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली. पुढच्या रोवणीला ती पुन्हा रांगेत होती. रोपांचे गठ्ठे दुसऱ्या बाया वाहायच्या. गाणं तिनंच उचललं. मी बांधावर उभी राहून ऐकलं, थोडं मुद्दाम.

दवाखान्यात दिवाळीआधी सुतार आला. खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, तिला दार बसलं. बाकं बाहेर छपरीत गेली. माझी वही कपाटात गेली आणि किल्ली माझ्या कमरेला आली. साहेबांनी मशीन लावली ती उघडपणे. पहिल्या दिवशी कोणी विचारलं की सांगायचे, "कान कमजोर झाले." आठवड्याभरात विचारणंही थांबलं. पेशंट कमी झाले नाहीत. बाया तर वाढल्या.

पण दारावरून भांडणं झाली. "दार काऊन लावून राहिले? आत काय चोरी चालली आहे का?" एक म्हातारा तर रुसलाच. त्याला दुखणं-बिखणं काही नव्हतं, बुधवारी नुसता बसायला यायचा. म्हणाला, "पहिले बसल्या बसल्या साऱ्या गावची तब्येत समजत जाय. आता इथं मन लागत नाही." मी त्याच्यासाठी पेपर आणून ठेवते. तो आता बातम्या मोठ्यानं वाचून दाखवतो, तेवढं सहन करावं लागतं.

एक सासू सुनेसोबत आत शिरायला लागली. मी दारात उभी राहिले. "थांबा, आधी तिले विचारते."

"तिले काय विचारते? मी तिची सासू आहो."

मी सुनेकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "मी एकटीच जातो." सासू तोंड फुगवून बसली. तिच्या स्वतःच्या नंबरावर सून सोबत यायला उठली, तर सासू म्हणाली, "तू बस इथंच." आणि आत जाऊन दार तिनंच लावून घेतलं.

सगळ्यात कठीण दिवस आला तो एका मोठ्या शेतकऱ्यामुळे. आमच्याच समाजाचा, घरी येणं-जाणं असलेला माणूस. छपरीत मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोराची सोयरीक जुळवून राहिलो. पोरगी तुमच्या इथं येते. तिचा सिकलसेलचा रिपोर्ट वहीत असंल, एकदा पाहून सांग ना. घरचंच समज."

रक्ताचा हा आजार आईबापाकडून पोरांत उतरतो, आमच्या भागात ह्या प्रश्नाचं वजन सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "काका, वहीत काय आहे, काय नाही, ते मी सांगत नाही. तुम्ही आपल्या पोराची तपासणी करा. मुलीकडच्यांना म्हना, दोघंबी आपापले कागद समोरासमोर ठेवू."

"माह्या पोराची? कायले?"

"दोघांचंबी पाहावं लागते ना."

तो तरातरा साहेबांकडे गेला. दाराआडून साहेबांचं एकच वाक्य मला ऐकू आलं, "बाई बरोबर बोलल्या." महिनाभर त्या घरून आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. मग एका सोमवारी तो पोराला घेऊन आला. रिपोर्ट आला त्या दिवशी पोरगा एकटा आत गेला आणि बाप छपरीत म्हाताऱ्याकडून बातम्या ऐकत बसला. सोयरीक पुढं झाली. लग्नात मी पंगतीत दोनदा जिलेबी घेतली. कागदांवर काय होतं, ते त्या दोन पोरांचं.

हल्ली संध्याकाळी घरी गेले की नवरा विचारतो, "आज कोन आलं होतं दवाखान्यात?"

मी म्हणते, "माणसं."

"त्यायले काय झालं होतं?"

"बरं नव्हतं."

तो हसतो, म्हणतो, तुझ्या पोटातून तं काही निघतच नाही. आणि मी त्याला सांगते, बाजारात आज वांगी फार छान आली होती.