गोळी कुठं गेली, ते दाखवा

पेशकारसाहेब टीव्ही पाहायचे ते शर्टाचं वरचं बटण लावून, पायात चप्पल घालून आणि मांडीवर वही ठेवून. पाठ कधी खुर्चीला टेकायची नाही. जाहिराती लागल्या की उठायचे, खोलीत येरझारा घालायचे, आणि कार्यक्रम सुरू झाला की धावत येऊन बसायचे. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस करमणूक करून घेत नाही, सुनावणीला हजर आहे.

सुनावणी एकाच कार्यक्रमाची असायची. अमेरिकेतलं एक बंदुकांचं दुकान. बाप, दोन लेक, भिंतभर बंदुका. गिऱ्हाईक येतं, हातात घेऊन पाहतं, मागच्या मैदानात जाऊन एखाद्या कलिंगडावर नाहीतर जुन्या फ्रिजवर गोळ्या झाडतं, सगळे टाळ्या पिटतात. बोलणं हिंदीत केलेलं, त्यामुळे आमच्या गावात सगळ्यांना कळायचं. रोज दुपारी चार वाजता. तो कार्यक्रम गावात पोचवणारा मी. केबलचा धंदा माझा होता, अजूनही थोडाफार आहे.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी कडेला. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. पेशकार म्हणजे साहेबापुढे मिसली, म्हणजे फायली, मांडणारा कारकून. हा हुद्दा निजामाच्या काळातला, कागदावरून केव्हाच गेलेला. पण साहेब तहसील कचेरीत एकतीस वर्षं बसले आणि त्यातली बरीच वर्षं बंदुकीच्या परवान्यांच्या टेबलावर होते, म्हणून लोकांनी त्यांना तेच नाव ठेवलं. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी भरमार, म्हणजे नळीत दारू ठासायच्या, बंदुकीचा परवाना मागायचे. त्यांच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला हा पहिला माणूस. ‘जयभीम’ म्हटलं तर मान लववून उत्तर द्यायचे, ‘नमस्कार’ म्हटलं तरी तसंच.

तो कार्यक्रम पाहून त्यांचा जीव वरखाली होई, हे मला सुरुवातीला गमतीचं वाटलं. एकदा वायर बदलायला गेलो, तर पडद्यावर एक बाई गुलाबी रंगाची बंदूक निवडत होती. साहेब माझ्यावरच डाफरले.

“पाह्य गा दिलीप! लुगडं घेऊन राह्यली का बंदूक? दरख्वास्त कुठं हाय? जामीन कोण? गावात चौकशी कोणी केली?”

“साहेब, तो अमेरिकेचा कायदा आहे.”

“कायदा तिथला असन. पाहणारे तर इथले हायेत ना?”

मग ते लिहायला बसत. पडद्याखाली एक पट्टी फिरायची, कार्यक्रमाबद्दल तक्रार असल्यास या पत्त्यावर कळवा. आम्ही कोणी ती कधी वाचली नव्हती. साहेबांनी उभं राहून, तीन फेऱ्यांत उतरवून घेतली. तक्रारीला नंबर, तारीख, वेळ. ‘चार वाजून अकरा मिनिटांनी दुकानदार हसला. हसण्यास हरकत नाही. परंतु विकलेल्या वस्तूने पुढे काय केले, हे एकाही भागात दाखविलेले नाही.’ प्रत्येक तक्रारीचं शेवटचं वाक्य तेच असे: ‘सबब, गोळी कुठं गेली, ते दाखवावे.’

मी म्हणायचो, “इतका राग येतो तर चॅनेल बदला ना साहेब. बटण तुमच्या हातात आहे.”

“न पाहता तक्रार लिवाची?” ते चष्म्यावरून बघत. “तसली लिवणारे लय हायेत.”

गावातली माणसं त्यांची चेष्टा करत. पारावर कोणी म्हणे, “त्या दुकानदारापेक्षा पेशकारानंच ते दुकान जास्त पाह्यलं.” एकाने तर तोंडावर विचारलं, “साहेब, भाव काय चालू हाय आज?” साहेब जरा थांबले आणि म्हणाले, “तुले परवडणार नायी, तुया तर बायकोच्या हाती बेलणं हाय तेच पुरे.” पार हसला. साहेब मात्र हसले नाहीत. घड्याळ पाहून घाईने निघून गेले. चारला दहा मिनिटं होती.

तक्रारी ईमेलने पाठवायच्या होत्या आणि साहेबांकडे ईमेल नव्हता. म्हणून दर आठवड्याला ते कागद घेऊन माझ्या दुकानात यायचे. बसायचे नाहीत. खुर्ची पुढे केली तरी काउंटरवर बोटं वाजवत उभे. पहिल्या दोन तक्रारी मी खरंच पाठवल्या, पहिल्या पानाचा फोटो काढून. दोन्हींना मशीनचं उत्तर आलं, ‘आपला संदेश मिळाला.’ साहेब म्हणाले, “हे झाली पोच. जवाब कुठं हाय?”

तिसरी मी पाठवली नाही.

मला कोणी दम दिला नव्हता. मलाच भीती वाटली. चॅनेलवाल्यांनी शहरातल्या मोठ्या केबलवाल्याला विचारलं, त्याने मला विचारलं, तर? नसती भानगड. आणि भीतीपेक्षा कंटाळा जास्त होता, हेही आज लिहून टाकतो. म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे, कागद ड्रॉवरमध्ये गेला काय आणि मुंबईला गेला काय, असं मी धरून चाललो. दर आठवड्याला ते विचारायचे, “पाठवली का?” मी म्हणायचो, “पाठवली साहेब.” “जवाब?” “यायचाय.” ते बोटं वाजवायचे आणि निघून जायचे.

असे वीसेक कागद जमले. ते सारखे विचारू लागले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की मी मागच्या खोलीत वायर शोधायला जायचो. शेवटी एका दुपारी मी कॉम्प्युटरवर बसलो आणि चॅनेलच्या नावाने उत्तर लिहिलं. ‘आपल्या सर्व तक्रारींची गंभीर दखल घेण्यात आली आहे. आपल्या सूचना मान्य असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ खाली एक सही केली, वर एक नंबर टाकला, छापून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी उभ्यानेच दोनदा वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. “बरं,” म्हणाले आणि गेले. मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. चार वाजले होते आणि त्यांचा टीव्ही बंद होता. त्या वेळी तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहिला. साहेब खोलीत फेऱ्या मारत होते.

“हा कागद तुवा केला.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

“खरा जवाब देणारा माणूस टाळते, दोष देते, कायी ना कायी विचारते. यात कोणी कायीच विचारलं नायी. सगळं मान्य. असा सफा कागद मौक्यावर न जाता लिवलेला असते. म्या लिवले हायेत ना, म्हणून ओळखतो.”

आणि फेऱ्या मारता मारताच त्यांनी सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. टेबलावर बंदुकीच्या चौदा दरख्वास्ती. प्रत्येकासाठी मौक्यावर, म्हणजे जागेवर, जाऊन शेत पाहायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, माणसाची नजर, डोकं, दारू, सगळं तपासायचं आणि मग लिहायचं: ‘मौका पाहिला, हरकत नाही.’ ऊन फार होतं. साहेबांनी पंख्याखाली बसून एका दुपारी चौदाही मौके पाहिले. त्या चौदातला एक आमच्याच गावचा शेतकरी होता. त्याला संध्याकाळनंतर नीट दिसत नव्हतं. गावात कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्या हिवाळ्यात त्याने ज्वारीत काहीतरी हललं म्हणून भरमार झाडली. डुक्कर नव्हतं. शेजारच्या वावरात राखणीला असलेला माणूस होता.

“चौकशी झाली. माह्या शेऱ्यावर कोणी बोट ठेवलं नायी,” साहेब म्हणाले. “शेरा बरोबर व्हता ना. शिक्का, तारीख, सही. सगळं सफा.”

मी म्हणालो, “साहेब, पण या टीव्हीचा त्याच्याशी...”

“तुवा त्या तक्रारीचं मागचं पान उलटून पाह्यलं का कवा?”

मी पाहिलं नव्हतं. एकाही तक्रारीचं नाही. ते म्हणाले, जा आणि पाहा. मी दुकानात आलो, ड्रॉवर उघडला. प्रत्येक कागदाच्या मागे, मोठ्या थरथरत्या अक्षरात एक सही होती. तक्रारदार: सुभद्राबाई, मयत इसमाची पत्नी. आणि खाली बारीक: लिहून देणार, पेशकार.

सुभद्राबाई म्हणजे ज्वारीत गेलेल्या त्या माणसाची बायको. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिचा लेक त्या वेळी रांगत होता, आता संसाराला लागलेला आहे. रोज दुपारी शेतातून येऊन तो टीव्हीपुढे आडवा पडायचा, आणि त्याला तोच कार्यक्रम आवडायचा. बापाला पाहिल्याचं त्याला आठवत नाही. ओसरीवर कापसातली पत्ती काढत बसलेल्या बाईच्या पाठीमागे रोज चार वाजता गोळ्या सुटायच्या आणि टाळ्या वाजायच्या. लेकाला ती काही बोलली नाही. पेशकारसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, हे बंद करता येते का कागदानं? साहेबांच्या कागदावर तिचा इतका विश्वास. त्याच साहेबांच्या कागदाने काय केलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी तिला सांगितलं. ती तरीही म्हणाली, लिवा.

मी परत गेलो तेव्हा साहेब दारातच उभे होते.

“एकदा म्या तिले फसवलं, आता तुवा. जाऊन सांग तिले.”

“सांगतो साहेब.”

मी गेलो नाही. त्या दिवशी संध्याकाळ झाली म्हणून, दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पाहुणे होते म्हणून. पुढे कारणंही लागेनाशी झाली. तिच्या दारावरून दिवसातून चारदा जायचो, मान खांबावरच्या वायरीकडे करून. साहेब भेटले की एवढंच विचारायचे, “गेला व्हता का?” मी म्हणायचो, “आज जातो.” त्यांनी तक्रार लिहिणं थांबवलं होतं. तू सांगितल्याशिवाय नवी लिवाची नायी, म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या हाताला काही काम उरलं नाही आणि ते गावभर नुसते फिरू लागले. बस थांब्यापासून शाळेपर्यंत, शाळेपासून थांब्यापर्यंत. चार वाजता तर पायच ठरायचे नाहीत. त्यांना पाहून मी रस्ता बदलायचो.

दम लागायला लागला तशी त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी, मंचेरियलला घेऊन गेली. मी बसथांब्यावर पिशवी उचलायला गेलो होतो. पायरीवर पाय ठेवताना त्यांनी विचारलंच.

“आज जातो साहेब. नक्की.”

“जातो नको म्हणू,” ते दम घेत म्हणाले. “नायी गेलो, असं म्हण. तेवढं तरी खरं व्हईन.”

मी म्हणालो, “नाही गेलो.” त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि वर चढले. ते शेवटचं. उन्हाळा संपायच्या आत त्यांच्या मुलीचा फोन आला. शेवटचे दोन दिवस बेचैन होते, म्हणाली, सारखे उठून बसायचे. मी जाऊन माती देऊन आलो. तिथे जमलेल्या माणसांत मला कोणी काही विचारलं नाही, आणि तेच मला सोसलं नाही.

परतल्यावर घरी न जाता मी दुकानातल्या ड्रॉवरमधला वरचा कागद खिशात घातला आणि थेट सुभद्राबाईच्या ओसरीवर गेलो. ती कापूस घेऊन बसली होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ड्रॉवर, खोटी सही, खोटा नंबर. सांगताना तिच्याकडे पाहवलं नाही.

“मालूम हाय मले,” ती म्हणाली. “साहेबानं तवाच सांगतलं. म्हणे, तो येईन सांगाले.”

“मग माय, तुम्ही मला काही बोलला का नाहीत? रोज इथूनच जातो मी.”

“पाहत व्हती ना. आज येते का उद्या येते.” तिने एक पत्ती वेचून बाजूला टाकली. “लय दिवस लावले बापू तुवा.”

मग म्हणाली, कागद आणले असशील तर वाच. मी खिशातून साहेबांची शेवटची तक्रार काढली आणि वाचू लागलो. आत टीव्हीचा आवाज होता, तो कोणीतरी हळू केला. पान उलटून मी ‘मयत इसम’ या शब्दांपर्यंत आलो आणि तिने थांबवलं.

“हा इसम कोण?”

“तुमचे मालक, माय.”

“त्याले नाव व्हतं. देवराव.” ती माझ्याकडे सरळ पाहू लागली. “साहेबाले ते लिवनं जमत नोयतं. हात अडे त्यायचा. मी पण म्हटलं नायी कवा. तू लिव.”

मी मोबाईलवर तक्रार पहिल्यापासून लिहून काढली. जिथे जिथे इसम होता तिथे देवराव लिहिलं. साहेबांच्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे, तिच्या सहीसकट, फोटो जोडले आणि तिच्यासमोर पाठवलं. लगेच उत्तर आल्याचं वाजलं. तिने विचारलं, “माणसानं लिवलं का मशीननं?”

“मशीननं.”

“मंग माणसाचा जवाब आला तर सांग. नायी आला तरी येऊन सांग.”

आता मी दर आठवड्याला जातो. जायच्या दिवशी सकाळपासून कामात लक्ष लागत नाही. दुकानात उभाच असतो. काल गेलो होतो. म्हणालो, “नाही आला, माय.” तिने कापसातून हात न काढता विचारलं, “मंग दुसरी लिवाची का?”

आतून तिचा लेक बाहेर आला आणि आमच्याजवळ ओसरीवर बसला. मी मोबाईल काढला.