आईला सांगितलेला अर्थ

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात तास घेत होते. फोन आला. रिक्षा करून दवाखान्यात पोचले. डॉक्टर म्हणाले, "हार्टचा त्रास होताच, चढणीने ॲग्रव्हेट झाला."

सकाळी बाबा कातळावरच्या आमच्या आंब्याच्या कलमांकडे गेले होते. फवारणीची माणसं आली की नाही, ते बघून या, असं आईने सांगितलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर आईने विचारलं, "ॲग्रव्हेट म्हणजे काय गं?"

मी इंग्रजी शिकवते. वर्गात सांगते तसंच सांगितलं. आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं. जखम असतेच, खाजवल्यावर ती चिघळते.

"म्हणजे खाजवणारं कोणीतरी असतं," आई म्हणाली.

मी घाईने म्हटलं, की हल्ली मुलं हा शब्द नुसत्या वैतागासाठीही वापरतात.

"वैतागाने माणूस मरत नाही."

आमच्याकडे समाचाराला आलेल्यांना घरच्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं. माणसं येत राहिली, हातखंब्याहून, राजापुराकडून. आई दर वेळी त्या सकाळच्या चहापासून सुरुवात करायची आणि 'मीच धाडलं त्यांना' इथे येऊन थांबायची. मग कोणी म्हणायचं, गाडी करून द्यायची होतीत. कोणी म्हणायचं, उन्हं उतरल्यावर पाठवायचं होतंत. बोलणारे प्रेमानेच बोलत. जाताना 'येतो' न म्हणता उठून जात, आणि मी बाजेच्या कडेला बसून पुढच्या चपलांच्या आवाजाची वाट बघत असे. आईला तिथून उठवता येत नव्हतं, मलाही उठता येत नव्हतं.

शेजारच्या काकूने एकदा तिला दटावलं. "अगो, तू सांगितलंस म्हणून गेले होय? जन्मात कधी ऐकलंनी तुझं?"

आईला किंचित हसू आलं. मला वाटलं, सुटली.

"त्या दिवशी ऐकलं," ती म्हणाली.

मी पुष्कळ समजावलं. चढणीने झालं, तू नव्हे. डॉक्टरांनी तुझं नावही घेतलं नाही. ती ऐकून घेते, मान डोलावते. शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला नव्हता, त्यामुळे तो परतही घेता येत नाही.

आता कलमं दुसऱ्याला खंडाने दिली आहेत. समाचाराला कोणी येत नाही. घरात आम्ही दोघी असतो. आई कोणालाही कुठे जायला सांगत नाही. मीठ संपलं तरी सांगत नाही. कॉलेजातून आल्यावर मी डबे उघडून बघते.