सूर्यफुलांचं पाणी

माझा मामा फुलवाला. बोलायला फटकळ, पण फुलांपाशी गेला की लोण्याहून मऊ. सूर्यफुलाला कुणी कात्री लावली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "कात्रीनं देठ चेपतो, मग पाणी वर चढणार कसं? गळा दाबून जेवायला वाढलं तर जेवशील का?" त्याचं सगळं ठरलेलं. पहाटे, पाकळ्या नुकत्या उचलल्या असतानाच फूल काढायचं. मग धारदार चाकूनं देठ तिरका कापायचा, तोही पाण्यात बुडवून. खालची पानं काढायची, फुलदाणी उंच घ्यायची. त्याच्या हातची फुलं दहा-बारा दिवस मान टाकत नसत.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं तिच्या उशाशी सात सूर्यफुलं आणून ठेवली. लग्नांचे दिवस, आणि दुकानात तो एकटा. जाताना म्हणाला, "ताई, ही कोमेजली की ताजी घेऊन येतोच." मला बजावलं, "दिवसाआड पाणी बदल आणि देठ थोडे थोडे काप."

मी अगदी तसंच केलं. मामाची शिष्या ना मी!

चौथ्या दिवशी आई हळूच म्हणाली, "पाणी नको गं बदलूस."

"अगं, माना टाकतील ती."

"टाकू देत की. त्याशिवाय तो यायचा नाही."

"मग फोन करून बोलावते ना!"

"नको. बोलावून आलेला भाऊ पाहुणा असतो."

आजारी माणसाचा हट्ट, म्हणून मी हसले आणि तिचा डोळा लागल्यावर पाणी बदललं. त्या शहाणपणाची मला आजही चीड येते. जाग आल्यावर आईनं फुलदाणीकडे पाहिलं आणि कूस बदलली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

नवव्या दिवशी ती गेली.

मामा रिकाम्या हातानं धावत आला. बराच वेळ रडला. मग त्याची नजर फुलदाणीवर गेली. सातही फुलं ताठ उभी होती.

"मला वाटलं, अजून दोन-तीन दिवस आहेत हातात," तो म्हणाला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "कुणी सांभाळली एवढी?"

"मी."

"शाबास. शिकवलेलं विसरली नाहीस."

आता दुकानात कुणी सूर्यफुलं घेतली की तो कौतुकानं सांगतो, "माझ्या भाचीनं नऊ दिवस टिकवली होती, एक पाकळी गळू दिली नाही!" मी खाली मान घालून ऐकते. आई काय म्हणाली होती, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.