ओढून पाहिलेलं कुलूप

ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी घरी आणला आणि त्याचा सर्व्हर केला. घरातले सगळे फोटो आता त्यावर असतात आणि बाहेरूनही मोबाइलवर दिसतात.

आज निघताना आईने दाराला कुलूप लावलं आणि नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं.

"अगं, लागलंय ते," मी वैतागलो.

"ओढल्याशिवाय कसं कळणार?"

रिक्षात बसल्यावर मीही गंमत म्हणून माझं कुलूप ओढून पाहिलं. मोबाइलवरून सर्व्हरला ऑफिसातला जुना, सगळ्यांना पाठ असलेला पासवर्ड दिला. तो मी केव्हाच बदललाय, अशी माझी खात्री होती. बाबांचा शेवटचा फोटो लगेच समोर आला. यंत्राने घर बदललं होतं, पण ऑफिसातल्या जुन्या माणसांना ते अजून दार उघडत होतं.

पासवर्ड घरूनच बदलता येणार होता; मी रिक्षा वळवायला सांगितली. आईने पर्समधून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.