वीतभर गाळ

त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला आठवत नसे. कालव्याच्या चारीवरची सगळी माणसं त्यांना मिनिटराव म्हणायची. तीस वर्षं पाटकऱ्याची नोकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी शिरायचं आणि कधी थांबायचं, हे पाळीप्रमाणे सांभाळायचं. दहा चाळीसला पाणी अडवायची फळी टाकायची म्हणजे टाकायची, मग समोरचा हात जोडो नाहीतर शिव्या देवो. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा अर्धा वाफा कोरडा राहिला तरी यांनी फळी टाकली. मेव्हणा वर्षभर घरी फिरकला नाही. "बरं झालं, तेवढीच साखर वाचली," असं मिनिटराव बोलून गेले, आणि बायकोने पुढचे आठ दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा पाजला.

मुलूख कोरडा. आभाळाकडे बघून पेरावं अशी तिथली जमीन नव्हतीच. जे काय ते कालव्याचं, तेही तीन आठवड्यांतून एकदा. मिनिटरावांकडे होती ती कालव्यातून फुटलेली आठ किलोमीटरची चारी. पाणी आधी वरच्या शेतांना मिळे आणि वाटेत मुरत-झिरपत, दमून-भागून टोकाच्या चाळीस शेतांपर्यंत पोचे. "वरच्यांच्या आंघोळी उरकल्या की आमचं तोंड धुणं," असं टोकाची मंडळी म्हणायची. म्हणूनच मिनिटांचा एवढा कडकपणा. वर पाच मिनिटं सैल सोडली, तर खाली एकाचं शेत जायचं.

दोन वर्षांपूर्वी या चारीला आडवं रेल्वेचं काम आलं. पुरुषभर, मग दोन पुरुष उंचीचा मातीचा भराव चढत गेला. माती दाबून बसवायला पाणी लागतं, म्हणून टँकर कालव्याला तोंड लावून उभे राहू लागले. "आमच्या पिकाला घोटभर नाही आणि हे मातीला पाजतायत!" म्हणून दोनदा बाचाबाची झाली. मिनिटरावांनी टँकरलाही पाळीपत्रकात घातलं, आणि वाद मिटला. भरावाखालून चारी पलीकडे न्यायला सहा सिमेंटच्या पाइपांची मोरी ठरली होती. त्या मोरीवरचा सुपरवायझर होता त्यांचाच जावई. ही मोरी वेळेत उरकली की त्याची नोकरी पक्की होणार होती. लेकीने फोनवर तसं दहा वेळा सांगितलं होतं.

पाळीला चार दिवस राहिले, तेव्हा मिनिटराव सकाळी नऊच्या सुमारास मोरीवर गेले. पाणी कधी सुटणार तेवढं सांगायचं आणि परतायचं, एवढाच बेत. जावई फोनवर होता. त्याने हातानेच 'बसा' म्हटलं. मिनिटरावांना बसायची सवय कुठली? ते कोरड्या चारीत उतरले.

सहाही पाइप ओळीत बसले होते. भोवती फळ्या ठोकून झाल्या होत्या. दुपारी तीनला त्यांच्याभोवती काँक्रीट ओतायचं, मग वर भराव चढवायचा, म्हणजे झालं. चारीच्या तळावर भरावाची सांडलेली माती पसरली होती, पण काठाचे दगडी थर दिसत होते. पाच थर. पाळीचं पाणी त्यातले तीन भिजवतं, हे मिनिटरावांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. त्यांनी सवयीने वरून मोजत आणले. पाच, चार, तीन... आणि पाइपाची खालची कड आली. दुसऱ्या थराच्या डोक्याशी.

त्यांनी पुन्हा मोजलं. खाली वाकून माती हाताने सारली, पहिला थर अख्खा उघडा केला. तळाला टेकायचा पाइप वीतभर वर बसला होता.

वीतभर म्हणजे किती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त मोरीच्या अलीकडेच अडून राहणार. वरची शेतं तुंबणार, आणि टोकाच्या चाळीस शेतांना उरणार नुसता ओलावा. एका पाळीपुरतं नव्हे. वरून रेल्वे धावू लागल्यावर तो पाइप कोण हलवणार? कायमचं.

"मामा, बोला!" जावई वरून ओरडला. "चहा सांगू?"

"नको," मिनिटराव म्हणाले. "चार दिवसांनी पाणी सुटेल." आणि ते चक्क घरी निघाले.

पाइप वर बसल्याचं त्यांनी तिथल्या तिथे का सांगितलं नाही? कारण तो का वर बसला, हे त्यांना दुसऱ्याच क्षणी आठवलं होतं. तीन वर्षांपूर्वी रेल्वेची माणसं दुर्बीण घेऊन चारी मोजायला येणार होती. त्या साली गाळ काढायचं राहून गेलं होतं. मशीन आलं नव्हतं, आणि मिनिटरावांनीही पाठपुरावा केला नव्हता. परक्या साहेबांसमोर आपली चारी गलिच्छ दिसायला नको म्हणून आदल्या दिवशी त्यांनी घरून एक लांब फळी नेली, गाळावरचं गवत उपटलं, आणि सारा गाळ फळीने ओढून अंगणासारखा सपाट केला. दुसऱ्या दिवशी दुर्बीणवाल्याने विचारलं, "हाच तळ?" मिनिटराव म्हणाले, "हाच." उंची मोजायची पट्टी त्यांनीच त्या गाळावर उभी धरली. कागदावर साक्षीदार म्हणून सहीही त्यांनीच केली. पुढच्या साली मशीन येऊन गाळ निघून गेला. कागदावरचा तळ मात्र तिथेच राहिला.

घरी ताट समोर आलं. मिनिटरावांनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याशी खेळत बसले.

"मीठ कमी आहे?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग जावयाशी वाजलं?"

"कुणाशी काही वाजलं नाही."

ती हात पुसत समोर येऊन बसली. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने ताटात अन्न टाकलेलं तिने दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा कारण चारीतच निघालं होतं. थोडं खोदल्यावर आज तिसरंही निघालं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माझी कपड्यांच्या कपाटाची फळी नेली होती तुम्ही. चिखलाने बरबटून आणली. मी तेव्हाच म्हटलं होतं, फळी फिरवून गाळ जात नसतो."

"आता टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही. किती वाजता ओतणार?"

"तीन."

तिने भिंतीवर पाहिलं. दीड वाजून गेला होता.

"सांगितलं तर जावयाची नोकरी अडकेल," मिनिटराव म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिलीत. चौकशी लागेल. तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

मिनिटरावांनी ताट पुढे सारलं. बायकोने ताट उचललं. आत जाता जाता म्हणाली, "लेकीला मी समजावेन. टोकाच्या चाळीस घरांना समजवायला मात्र मला नेऊ नका."

अडीचला ते मोरीवर पोचले तेव्हा मिक्सर गरगरत होता. क्रेनवाला सावलीत पाय पसरून बसला होता. पाचला त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं, आणि पाइप उचलेल असं दुसरं यंत्र आसपास नव्हतं.

"जावईबापू, काम थांबवा," मिनिटराव म्हणाले. "पाइप वर बसलेत. वीतभर."

जावई आधी हसला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "मामा, सकाळी दोनदा लेव्हल घेतली मी. कागदाप्रमाणे तंतोतंत आहे."

"कागदच चुकलाय."

"असं कसं? चारीचा तळ तुमच्या खात्यासमोर मोजलाय." त्याने गाडीतून नकाशा काढला, बॉनेटवर पसरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही बघा, साक्षीदाराची सही. ओळखीची वाटते का?"

दोन-तीन मजूर हसले. मिनिटरावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "ती बाजूला ठेवा. आधी इंजिनिअर मॅडमना बोलवा."

"मॅडमना काय सांगू? सासऱ्यांना वाटतंय म्हणून?" जावयाचा आवाज खाली आला. "मामा, हात जोडतो. आजचा दिवस माझा जाऊ द्या. काही कमी-जास्त असेल तर पुढे बघून घेऊ."

"एकदा भराव चढला की पुढे काय बघणार तुम्ही? आगगाडी?"

जावयाने तोंड फिरवलं आणि मिक्सरवाल्याला हात केला. पहिली ट्रॉली फळ्यांकडे निघाली. मिनिटराव दुसरं काही सुचण्याआधीच चारीत उतरले आणि पाइपाच्या तोंडाला पाठ लावून फळ्यांच्या आत उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. ट्रॉलीवाला थबकला. त्याने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने सासऱ्यांकडे पाहिलं.

"मामा, बाहेर या."

"मॅडम आल्या की येतो."

"लोक बघतायत!"

"बघू दे. चांगलं दिसेल त्यांना."

जावयाने दातओठ खात फोन लावला. इंजिनिअरबाई पुढच्याच पुलावर होत्या. त्या येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मिक्सर फिरत राहिला. थांबवला असता तर आतला माल घट्ट झाला असता. मिनिटरावांच्या पाठीला सिमेंटचा पाइप भाजत होता. बाई काय विचारतील, हे त्यांना ठाऊक होतं. उत्तर तेवढं तोंडात जुळत नव्हतं.

बाई उतरल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "कागदावरचा तळ चुकीचा आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मिनिटरावांनी जावयाकडे पाहिलं नाही. "कारण तो तळ नव्हताच, बाई. गाळ होता. मी फळीने सपाट केलेला. तुमची माणसं येणार म्हणून. पट्टी मीच धरली, आणि हाच तळ म्हणून मीच सांगितलं."

"का?"

"लाज वाटली म्हणून."

मजुरांत कुणी हसलं नाही. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "खरा तळ दाखवता येईल?"

मिनिटरावांनी मजुराच्या हातचं फावडं घेतलं आणि मोरीपासून दहा पावलं वर जाऊन सांडलेली माती उपसायला सुरुवात केली. मजूर पुढे आला तर त्याला हातानेच मागे सारलं. चौथ्या-पाचव्या घावाला फावडं खणकन वाजलं. चारीच्या तळाची दगडी फरशी. दुर्बीण लागली, पट्टी फरशीवर उभी राहिली. या वेळी ती जावयाने धरली. बाईंनी आकडा वाचला, नकाशा पाहिला, पुन्हा वाचला.

"एकवीस सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. घड्याळात साडेतीन वाजले होते. "क्रेन कधी जाणार?"

"पाचला, मॅडम."

"मग उभे काय आहात? फळ्या काढा. मिक्सरमधला माल पलीकडच्या भिंतीच्या पायात टाका, वाया घालवू नका. पाचच्या आत सहाही पाइप बाहेर हवेत मला."

पुढचा दीड तास नुसती पळापळ. फळ्या उपटताना खिळे किंचाळत होते. चौथा पाइप उचलताना साखळी सरकली, पाइप हवेत तिरका झाला आणि खालचे मजूर बाजूला पळाले. क्रेनवाल्याने तो इंच-इंच करत खाली टेकवला. सहावा बाहेर आला तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. क्रेनवाला हात झटकत निघून गेला. तोवर खालची बैठक वीतभर खोदून उतरवायची, आणि दोन दिवसांनी क्रेन पाइप पुन्हा बसवायला परत यायची होती.

बाईंनी मिनिटरावांकडून जबाब लिहून घेतला. "याची एक प्रत कालवा खात्याला जाईल," त्यांनी स्वच्छ सांगितलं. "सुपरवायझरने कागदाप्रमाणे काम केलंय, तेही मी लिहिते. पण उशीर तो उशीरच. त्याचं काय होईल, ते माझ्या हातात नाही."

मिनिटरावांनी सही केली. जावई गाडीला टेकून उभा होता. ते जवळ गेले तेव्हा तो म्हणाला, "सकाळी चारीत उतरला होता तुम्ही, मामा. तेव्हाच सांगितलं असतं तर एवढ्या लोकांसमोर तमाशा झाला नसता."

"नसता झाला," मिनिटराव म्हणाले. "धीर झाला नाही."

जावयाने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. पण तो त्यांना घरापर्यंत सोडायला आला. आत मात्र आला नाही.

मोरी पुरी व्हायला पाळी दोन दिवस पुढे ढकलावी लागली. ज्या दिवशी पाणी सुटलं, त्या दिवशी मिनिटराव सकाळपासून मोरीच्या अलीकडच्या काठावर उभे होते. पाणी आलं ते काटक्या आणि फेस पुढे ढकलत. पाइपाच्या तोंडाशी ते क्षणभर घुटमळलं, गोल फिरलं, काठाचा पहिला थर भिजला, दुसरा भिजू लागला. मिनिटरावांचा हात काठीवर आवळला. इतक्यात पलीकडून जावयाचा आवाज आला, "निघालं, मामा! इकडे निघालं!"

मग ते पाण्याबरोबर चालत टोकापर्यंत गेले. चार किलोमीटर, भर उन्हात. शेवटचं शेत एका विधवेचं होतं. तिची जीभ सगळ्या चारीत प्रसिद्ध. ती बांधावर कमरेवर हात ठेवून उभीच होती. मोरीवरची हकीकत तिच्यापर्यंत पोचली होती की नाही, कोण जाणे.

"दोन दिवस!" तिने सुरुवात केली. "पानं बघा कशी वळलीत. आम्ही एक मिनिट मागितलं तर डोळे वटारता, आणि स्वतः दोन दिवस खाता?"

एरवी मिनिटरावांनी तिला पाळीपत्रक दाखवलं असतं. आज त्यांनी चपला काढल्या, तिच्या वाफ्याच्या तोंडाशी बसले आणि हातानेच माती बाजूला सारली. पाणी तांबूस, संथ, पहिल्या ओळीत शिरलं.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे."

ती बोलता बोलता थांबली. या माणसाच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती. मग पदर खोचून ती दुसऱ्या बाजूने माती सारू लागली आणि म्हणाली, "असू दे. आता नीट उघडा, कडेकडेने जाऊ दे. मधली ओळ जास्त तहानलीय."