मामंजींच्या उपासाचा फोटो

मामंजींना रक्त कुठून जातं, हे घरातल्या बायकांना सांगायचं नव्हतं. आमच्या उत्रोली गावात तसलं अवघड जागेचं दुखणं गडीमाणसानं बोलून दाखवलं की त्याची अब्रू गेलीच. डागाळलेली धोतरं नदीवर मीच धूत होते, तरी सुनेला काही ठाऊक नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं. ठरवा बापडे.

भोरला तेव्हा राजा होता, दवाखाना होता, पण आतड्याचा फोटो काढायला पुणंच गाठावं लागे. मागच्या वाटेनं पांढरं औषध आत सोडायचं आणि एक्स-रे घ्यायचा. हे मला फार पुढं कळलं. आदल्या दिवशी माझ्या घरधन्यांनी मला आणि मामंजींना एवढंच सांगितलं, "रातच्याला एरंडेल घ्यायचं. उद्या उपास हाय."

उपास म्हटला की आमच्याकडं चूल दुप्पट पेटते. पहाटे घरधनी मोटार बघायला गेले, तेवढ्यात मी भगर केली, दाण्याची आमटी केली, रताळी उकडली, वर मूठभर भाजके शेंगदाणे. एरंडेलानं गळालेले मामंजी मुकाट्यानं पोटभर जेवले आणि मोटारीत जाऊन बसले.

फोटो आला. डॉक्टर म्हणाले, आतड्यात गाठी दिसतात, ऑपरेशन करावं लागेल. घरी येऊन मामंजी बैलाच्या गळ्यात पडले नि म्हणाले, "आता तुजं तू बघ." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रडल्या, मीही रडले. माणूस तापट, पण मला कधी उणं बोलला नव्हता.

घरधनी फोटो दारातल्या उजेडात धरून म्हणाले, "पान्याबिगर काय बी द्यायचं न्हाई म्हनले व्हते डाक्टर. तेवढं पाळलं, तरी नशिबाला ह्येच."

माझ्या हातातली परात खाली पडली. डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा घरी आणायला काय जड होता? सासऱ्यांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर ओढला आणि भिंतीशी बोलले, "मामंजींनी भगर खाल्ली. आमटी बी. दोन रताळी. शेंगदानं म्या मोजलं न्हाईत."

दुसऱ्या खेपेला मीही संगं गेले. आदल्या रात्रीपासून चूल पेटवलीच नाही, सगळं घर उपाशी ठेवलं. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी धरले. नव्यात गाठ नव्हती. साधी मूळव्याध निघाली.

"मग हे काय होतं?" जुन्या फोटोवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, मामंजी माझ्याशी किंवा माझ्याबद्दल चारचौघांत अवाक्षर बोलले नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

"ते आमच्या सूनबाईंच्या हातचं हाय, डाक्टर. चव लई चांगली व्हती."