हसिनामावशी आणि न जेवणारा फुलपाखरू मासा

कामशेतच्या बाजारात हसिना मुलाणी तीस वर्षं मासे विकते. मासा शिळा असला तर "आज नगं घिऊ" असं गिऱ्हाइकाला आपणच सांगणारी बाई. मुंबईहून टेम्पो येतो, बर्फातली मासळी उतरते आणि दुपारपर्यंत संपते. पण समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता, आणि समुद्रातला जिवंत मासा तर नाहीच.

गेल्या वर्षी समोरच्या गाळ्यात निलेशनं शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्यानं एक फुलपाखरू मासा सोडला. तळहातावर मावेल एवढा, पिवळाजर्द. हसिना हातातल्या सुरीसकट बघायला गेली.

"आगं बया! ह्याचा डोळा शेपटाकडं हाय का काय?"

"तो खोटा डोळा, मावशी," निलेश म्हणाला. "खरा पुढं हाय, त्या काळ्या पट्ट्यात लपवलेला. मोठा मासा शेपटीला तोंड समजून झडप घालतो, आन् हा पळतो भलतीकडंच."

"लय लबाड की रं!" हसिना पोट धरून हसली.

पण निलेश हसेना. चार दिवस झाले, मासा काही खात नव्हता. दाणे टाकले, सुकवलेल्या अळ्या टाकल्या, तो ढुंकूनही बघत नव्हता. "समुद्रात हे प्रवाळाला टोचून टोचून खातात. ते मी हितं कुटनं आणू?"

हसिनानं नाक काचेला लावलं. माशाचं तोंड बारीक, चिमट्यासारखं पुढं आलेलं. तीस वर्षांत तिनं हजारो तोंडं पाहिली होती.

"ह्यो पडल्यालं न्हाई उचलायचा. ह्यो कोरून खाणारा हाय."

तिनं आपल्या पाटीतल्या शिंपल्यांतली एक जिवंत तिसरी आणली, सुरीनं उघडली, धुतली आणि मांस शिंपल्याला चिकटलेलं ठेवूनच निलेशच्या हातात दिली. शिंपला तळाशी गेला. मासा एकदा फिरून गेला, दुसऱ्यांदा आला, थबकला. मग टुक! एक लचका. पुन्हा टुक!

हसिना अशी किंचाळली की शेजारचा भाजीवाला धावत आला. तिनं निलेशचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवलं.

"मावशी, माझे बांगडे?" पलीकडून गिऱ्हाईक ओरडलं.

"थांब जरा! लेकरू जेवतंय हितं!"

त्यानंतर रोज अकराला एक तिसरी ठरलेली. एकदा निलेश सहज बोलून गेला, की हे मासे बहुतेक जोडीजोडीनं फिरतात. झालं! हसिनाच्या डोक्यात ती जोडी शिरली ती निघेचना. डिसेंबरात ती मुलीला, शहिस्ताला, घेऊन थेट मालवणला गेली.

होडीवाल्यानं तिला जॅकेट चढवलं, डोळ्यांवर काच लावली, तोंडात नळी दिली. पहिल्या बुडीत घोटभर खारं पाणी पोटात गेलं. दुसऱ्या बुडीत खडकामागून दोन फुलपाखरू मासे आले, अंगाला अंग लावून, टुकटुक टोचत. हसिना नळीतूनच काहीतरी ओरडली. शहिस्ताला वाटलं, आई बुडाली!

हसिना खोकत, हसत वर आली. "दोघं हायती गं! दोघं!" एवढंच बोलून तिनं पुन्हा डोकं पाण्यात घातलं. होडीवाल्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तिनं मान वर न काढता हातानंच त्याला गप्प बसवलं.